धारवाडहून वीस किलोमीटर

बाई सुरेख आहे, असं यशवंतरावांच्या मनात आलं. आणि ती आपली बायको आहे, हे त्यांना त्यानंतर कळलं. या दोन गोष्टींच्या मधे फार वेळ गेला नसेल. केळीवाल्याने एक फणी उचलावी, गिऱ्हाइकाचं तोंड बघून परत ठेवावी, एवढाच. पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं. ते हुबळीतल्या दुर्गदबैलच्या बाजारात चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते, दांडीचा स्क्रू बसवून घेतलेला चष्मा नुकताच नाकावर चढला होता, आणि जग पुन्हा स्वच्छ झाल्याच्या पहिल्या आनंदात त्यांची नजर समोरच्या पेरूच्या गाडीवर गेली. गाडीपाशी एक बाई उभी होती. दोन्ही हातांत दोन पेरू धरून ती त्यांचा अंदाज घेत होती आणि पेरूवालीला काहीतरी सांगत होती. ते ऐकून पेरूवाली हसली, तोंडाला पदर लावून; आणि मग ती बाईही हसली, मान मागे टाकून, भर बाजारात, सगळे दात दिसतील अशी. यशवंतराव एकसष्ट वर्षांचे होते, आणि चांगली दिसणारी बाई दिसली तर क्षणभर बघायचं आणि मग मनगटावरचं घड्याळ बघायचं, हा त्यांचा जुना, निरुपद्रवी नियम होता. नियमाप्रमाणे त्यांनी बघितलं. उभं राहणं किती छान आहे हिचं, असं त्यांना वाटलं. जिला कुठेही उशीर झालेला नाही अशी उभी आहे. मग तिने पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, आणि ती निळी पिशवी त्यांच्याच स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावरची होती.

घड्याळ बघायचं राहून गेलं. मानेपासून खाली एक गार रेघ उतरत गेली. शरम नव्हती ती. आपल्याच बायकोकडे बघण्यात शरम कसली, कायद्याने पाहिलं तर याहून सोवळं बघणं दुसरं नाही. पण ज्या बाईकडे त्यांनी बघितलं होतं ती मालती नव्हती. ती दुसरीच कुणी होती, आणि ती दुसरी आता मालतीची साडी नेसून, मालतीच्या चपला घालून, पेरू पिशवीत टाकत होती. धारवाडात हे झालं नसतं. माळमड्डीच्या त्यांच्या गल्लीत मालतीला त्यांनी पाठमोरी ओळखली असती, संध्याकाळी दिवे गेलेले असताना ओळखली असती, छत्रीखाली ओळखली असती. तीस-बत्तीस वर्षं ओळखलीच होती. इथवर विचार आला आणि तिथेच अडला, कारण हिशेबाच्या माणसाला दुसरी बाजू दिसल्याशिवाय राहवत नाही. त्या फाटकातून, त्या वेळेला, बाहेर पडणारी बाई मालतीच असायची. मग इतकी वर्षं आपण मालतीला ओळखत होतो, की फाटकाला?

यशवंतराव ट्रेझरीत होते. सरकारी ट्रेझरीत जन्म घालवलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट एका बाजूने दिसत नाही. तो देवळात गेला तरी देवाची जमा बाजू आणि नावे बाजू बघून नमस्कार करतो. माणसांचंही ते तसंच करत. शेजारचे निवृत्त मास्तर: जमेला, रोजचा पेपर वाचायला देतात, नावे, देण्याआधी मोठ्याने वाचून दाखवतात. घरमालकीण हेमावती अक्का: जमेला, जीव लावतात, नावे, जीव लावतात. हा जमाखर्च त्यांनी कधी कागदावर मांडला नाही, मांडायची गरजच नव्हती. तो डोक्यात आपोआप मांडला जाई, आणि त्यांना त्याची गंमत वाटे. त्यामुळे वेदश्रीने हुबळीचा विषय काढला तेव्हा त्यांनी रेघ मारली आणि दोन्हीकडे भरायला घेतलं. वेदश्री ही त्यांची एकुलती एक मुलगी, हुबळीजवळच्या तारिहाळच्या एका कारखान्यात इंजिनियर. धारवाडहून रोज तारिहाळला जाऊन येता येता तिचा रंग उडाला होता. तिने विद्यानगरमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि म्हणाली, अप्पा, चला सगळेच. जमेला आलं: मुलीची दगदग वाचेल, मोठे दवाखाने जवळ, लिफ्ट, आणि चोवीस तास पाणी. नावे आलं: ऊन, धूळ, आणि जिथे माणूस तुमचं नाव विचारण्याआधी तुमचा धंदा विचारतो असं गाव. आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत मोठी नोंद म्हणून, त्यांनी मालतीला नावे टाकलं होतं. ज्याला त्याला ते हेच सांगत फिरले. मला काय हो, मी कुठेही राहीन, प्रश्न हिचा आहे. हिचं कसं होणार तिथे.

धारवाडच्या लोकांनी त्यांना दुबईला पाठवावं तसं पाठवलं. महानगरपालिका एक, दोन्ही गावं जोडणारा रस्ता एक, बस तर इतक्या की एक चुकली म्हणून कुणी पळत नाही. पण गल्लीच्या तोंडाशी भेटलेले एक वकील डोळे बारीक करून म्हणाले होते, ‘हुबळीला? कायमचं?’ आणि पुढे त्यांना काही बोलवेना. धारवाडकराला उशीर झाला तर तो चालण्याचा वेग वाढवत नाही, त्याला तो स्वतःचा अपमान वाटतो. हुबळीकर उशीर झालेला नसतानाच धावतो. एवढ्याशा अंतरात माणसाची चाल बदलते, चहातली साखर बदलते, कानडीतला कोमलपणा उतरतो, आणि ऊन तर असं की जणू कुणी झाकण उचललं. यशवंतरावांना हे सगळं सांगायला आवडे. पहिल्या महिन्यात ते धारवाडला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा कट्ट्यावर बसून हुबळीबद्दल असे बोलले की ऐकणारे पोट धरून हसले. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांना कुणाचं हसू आठवत नसे. फक्त एवढंच वाटे की आपण ज्या गावाला नावं ठेवून आलो तिथेच आता उतरायचं आहे, आणि तिथे उतरल्यावर आपल्याला कुणी ‘काय यशवंतराव, कधी आलात’ म्हणणार नाही. अपार्टमेंटचा वॉचमन त्यांना चौथ्या मजल्याचे अंकल म्हणे. ट्रेझरीचे यशवंतराव बसमधून उतरेपर्यंत असत. मग ते कुठे जात, कोण जाणे.

आणि पाणी. त्या पाण्याचं काय करायचं हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. फ्लॅटमध्ये आले त्या दुपारी त्यांनी सहज नळ उघडला होता, कोरडा असणार या खात्रीने, नुसती तोटी बघायला. आणि पाणी आलं. ते बाजूला झाले नाहीत. पाणी येतच राहिलं. भर दुपारी, कुणी बोलावलेलं नसताना, कुणाची पाळी नसताना, बोटाएवढ्या जाडीची ती स्वच्छ धार पडत राहिली, आणि यशवंतराव तिच्याकडे असे बघत राहिले की मागून मालतीला विचारावं लागलं, काय झालं. खाली बोअर आहे, वर टाकी आहे, हे त्यांना माहीत होतं. माहीत असणं वेगळं. त्यांनी घरातली सगळी भांडी भरली. तांब्या भरला, पातेली भरली, वेदश्रीचा फुलदाणीसारखा तो काचेचा जगही भरला. आठवड्याने ते पाणी शिळं झालं म्हणून ओतलं आणि परत भरलं. वेदश्री हसून हसून खाली बसली. ते म्हणाले, हसू नकोस, बोअर म्हणजे काही सरकारी नोकरी नव्हे, कधीही जाईल. पण बोअर गेली नाही, आणि हळूहळू त्यांना एक विचित्र गोष्ट जाणवली. इथे पाण्याचा दिवस नव्हता. आणि पाण्याचा दिवस नसल्यामुळे त्यांना दिवसच समजत नव्हते. मंगळवार कुठला आणि शुक्रवार कुठला, सगळे एकाच धारेत वाहून चालले होते.

धारवाडच्या गल्लीत पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, आणि यायचं म्हणजे एखादा पाहुणा यावा तसं. व्हॉल्व्ह सोडणारा माणूस सायकलवरून कोपऱ्यावर दिसला की पहिल्या घरातून हाळी उठायची, ‘नीर बंदाव्री!’, पाणी आलं हो, आणि ती घरोघर पुढे जायची. त्या दिवशी कुणी गावाला जात नसे, कुणी लग्नाचं आमंत्रण द्यायला बाहेर पडत नसे. कुणी आजारी असेल तर तेही जरा थांबे. आणि कुणी परगावी असेल तर शेजारी त्याचं पाणी भरत. ज्या खोल्या रिकाम्या असत त्यांची पिंपं अंगणात उपडी घातलेली असत, आणि उपडं पिंप दिसलं की गल्ली समजे, इथे कुणी नाही. ते पिंप सरळ करून पाण्याने भरलं की मग दुसऱ्या कशाची गरज नाही, माणसं येणार. भाडेचिठ्ठी नंतर होई. ज्याच्या नावाने पाणी भरलं तो आला नाही, असं त्या गल्लीत कधी झालेलं नव्हतं. यशवंतरावांना वाटे, आयुष्यातला सगळ्यांत चांगला वेळ कुठला असं कुणी विचारलं तर आपण हाच सांगू. सकाळचं ऊन, कट्टा, हातात मास्तरांनी वाचून झालेला पेपर, कुणाचा पाइप कुठे फुटलाय त्याची चर्चा, व्हॉल्व्हवाल्याच्या दोन बायकांची भानगड, हेमावती अक्कांचा आल्याचा चहा, आणि सगळीकडून पाण्याचा आवाज. जणू गल्लीच वाहायला लागली आहे. आज बाजारात, चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर, त्या चित्रात त्यांनी मालतीला शोधलं. ती असायलाच हवी होती. एक खोचलेला ओचा दिसला. एक कोपर दिसलं, ओलं. ‘पाय घ्या वर’ असा आवाज आला, आणि आपण पेपरवरून डोळे न काढता पाय वर घेतले, हेही दिसलं. चेहरा काही केल्या दिसेना. चित्र इतकं भरलेलं होतं, व्हॉल्व्हवाल्याच्या मिशीसकट, आणि जिच्या हाताने ते पाणी घरात आलं तिचा चेहरा त्यात नव्हता.

मालती चालायला लागली होती. हाक मारायला हवी होती. पण आयुष्यात रस्त्यात तिला नावाने हाक मारलेली नाही हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मारायची वेळच आली नव्हती, कारण ती नेहमी दोन पावलं मागे असे. आणि दुसरंही कारण होतं, ते त्यांच्या खिशात होतं. सकाळी हेमावती अक्कांचा फोन येऊन गेला होता. आज तिथे पाण्याचा दिवस. आठवड्यापूर्वी यशवंतरावांनी अक्कांना सहज फोन केला होता, खोल्या रिकाम्याच आहेत का एवढं विचारायला. अक्का म्हणाल्या, नवरा-बायको दोघं बघून गेलेत, चांगली आहेत, पण तुम्ही येणार असाल तर त्यांना आजच नाही म्हणते. आणि यशवंतराव म्हणाले, येतो. तोंडातून निघून गेलं. वेदश्रीला मैत्रिणी आहेत, ती राहील. आपण दोघं परत जाऊ. मालती तर उडी मारील. मालतीला तेवढं सांगायचं राहिलं. मग एक दिवस गेला, मग दुसरा. आणि आज अक्कांनी कानडीत, त्यांच्या त्या मऊ आवाजात सांगितलं होतं की दोन्ही पिंपं सरळ केली, घासली, भरली. कामवाल्या तानूबाईने फरशी पुसली. गल्ली विचारतेय कधी येणार. आणि मालतीला सांगा, परसातल्या कढीपत्त्याला नवीन पाला फुटलाय. मागे पाण्याचा आवाज येत होता. यशवंतराव हो हो म्हणाले होते. आणि चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय असं सांगून, मालतीच्या आधीच घराबाहेर पडले होते. आता साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, तानूबाईला ठाऊक होतं, त्या व्हॉल्व्हवाल्याच्या दोन्ही बायकांना बहुधा ठाऊक होतं, की यशवंतराव बायकोला घेऊन परत येत आहेत. एक बायको सोडून सगळ्यांना.

म्हणून ते हाक न मारता मागे निघाले. रस्ता ओलांडताना धारवाडात मालती त्यांच्या सदऱ्याची बाही धरत असे, डॉक्टरांकडे निघालेल्या मुलासारखी. इथे तिने गर्दीकडे बघितलंसुद्धा नाही. हात उभा केला, आणि एक रिक्षा, एक मोटारसायकल, मागून येणारा सिमेंटचा टेम्पो असे सगळे त्या हातापुढे थांबले. यशवंतराव तिच्या मागच्या मोकळ्या जागेतून घुसले म्हणून पलीकडे पोचले. ती दुकानांकडे बघत नव्हती. फुलवाल्या बाईने तिला मानेने काहीतरी विचारलं, तिने मानेनेच परत काहीतरी सांगितलं. ही ओळख कधीची? ही मान कधीची? ते चालता चालता तिच्याकडे असे बघत होते जसं कुणी पहिल्यांदा आलेल्या गावाकडे बघतो, सगळंच वाचायचं असतं आणि पाटी कुठल्या भाषेत आहे तेही कळत नसतं. स्टेशन रोड लागला. ती स्टेशनात शिरली, खिडकीशी गेली आणि तिने तिकीट घेतलं, आणि यशवंतरावांच्या छातीत काहीतरी अर्धा जिना घसरलं. सत्तावन्न वर्षांची बाई, हातात पेरूची पिशवी, नवऱ्याला न सांगता आगगाडीने कुठे जाते? त्यांना हसू आलं, आणि ते हसू पुरतं फुटेना. तिने ज्याच्याकडे जावं असं कुणी या जगात आहे का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काल विचारलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं, नाही.

खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की त्या बाईंनी फलाटाचं तिकीट घेतलं. त्यांनीही तेच घेतलं. हुबळीचा फलाट जगातला सगळ्यांत लांब आहे हे हुबळीकर पाहुण्याला पाणी देण्याआधी सांगतो, आणि यशवंतरावांनी धारवाडच्या कट्ट्यावर त्यावर भरपूर तोंडसुख घेतलं होतं. उंचीचा अभिमान ऐकलाय, खोलीचा ऐकलाय, लांबीचा अभिमान फक्त हुबळीकरांनाच. पण ते तो चालले कधीच नव्हते. धारवाडकर फलाटावर चालत नाही, डबा समोर येईल तिथे उभा राहतो. आता मालती पुढे चालत होती, हात हलवत, पिशवी झुलवत, आणि ते मागे; आणि चालता चालता त्यांच्या ध्यानात आलं की फलाट संपत नाही. एक गाडी उभी होती, ती संपली. मग नुसते रूळ आले, मग त्याच फलाटावर दुसरी गाडी सुरू झाली, जिच्या लोकांना पहिल्या गाडीच्या लोकांचा पत्ताही नसेल. चहाचे ठेले मागे गेले, हमाल मागे गेले, छप्पर संपलं, ऊन आलं, आणि पुढे फलाट होताच, खांबामागून खांब, इतका सरळ की शेवटी तो जिथे असेल तिथे हवा थरथरताना दिसत होती. कुणी बांधला असेल हा? एवढा कशाला? इतकी माणसं एका वेळी कुठे जाणार होती? त्यांना एकदम वाटलं की धारवाडची आपली सगळी गल्ली, कट्ट्यांसकट, फाटकांसकट, पिंपांसकट उचलून इथे आडवी ठेवली तर ती एका कोपऱ्यात पडून राहील, आणि गाड्या येतच राहतील. ही भीती नव्हती. लहानपणी पहिल्यांदा समुद्र बघताना पायाखालून वाळू सरकली होती, तसं काहीतरी होतं. गुडघा दुखत होता आणि थांबावंसं वाटत नव्हतं.

मालती एका बाकापाशी थांबली, मागे वळली आणि तिने त्यांना बघितलं. दचकली नाही. घाम पुसत असलेल्या नवऱ्याकडे तिने एकदा खालून वर पाहिलं.

‘आलात?’ ती म्हणाली. ‘बाजारापासून कळलं होतं मला. चष्मा घालून चोरासारखं चालताय. बसा जरा, मग जाऊ. अजून बराच आहे.’

ते बसले. मग तिने जे सांगितलं ते ती भाजीचे भाव सांगावे तसं, गाडीच्या डब्यांकडे बघत, सांगत गेली. हुबळीला आल्यापासून दुसऱ्याच महिन्यात तिने हे सुरू केलं होतं. एक दिवस वेदश्रीच्या मैत्रिणीला सोडायला आली आणि परत जाताना उलट्या दिशेने चालायला लागली, सहज, शेवट कुठे आहे बघावं म्हणून. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा. यशवंतराव म्हणाले, पण तू तर देवळात जातेस. ती म्हणाली, मी ‘जाऊन येते’ म्हणते. देऊळ तुम्ही घातलंत. हे खरं होतं. ती पुढे म्हणाली की धारवाडात घरापासून कोपऱ्यापर्यंत अकरा फाटकं होती की बारा, आणि प्रत्येक फाटकात एक चेहरा, आणि प्रत्येक चेहऱ्याला एकच प्रश्न, ‘यल्लि होंटीरि?’, कुठे निघालात. प्रेमानेच विचारायच्या सगळ्या. पण प्रत्येकीला उत्तर द्यावं लागायचं, आणि नुसतीच निघाले हे उत्तर नव्हे. त्यामुळे नको असलेली कोथिंबीर फार आणली तिने आयुष्यात. ‘इथे हातात पिशवी असली की झालं,’ ती म्हणाली. ‘सगळे धरूनच चालतात की बाई कुठेतरी निघाली आहे. कुणी विचारत नाही हो. मी शेवटापर्यंत जाते, तिथे थोडी उभी राहते, आणि येते.’

‘शेवटाला काय आहे?’

‘काही नाही की. खडी आहे.’

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते यशवंतरावांनी आधी कुठे बघितलं होतं हे त्यांना आठवेना, आणि मग कळलं की कुठेच नाही. त्यांच्या जमाखर्चात ही बाजूच नव्हती. त्यांनी उन्हाची नोंद केली होती, धुळीची केली होती, शेजाराची, साखरेची. खडीत संपणाऱ्या एका लांब रस्त्याने एखादी बाई इतकी उजळू शकते याला कुठलं सदर लावायचं हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. हा क्षण असाच ठेवावा, आज बोलू नये, असं त्यांना फार वाटलं. पण दोन पिंपं भरून उभी होती. उद्या अक्का मालतीलाच फोन करतील, कढीपत्त्याचं सांगायला. त्यांनी चष्मा काढला, कारण स्वच्छ दिसत असताना बोलवेना, आणि सांगून टाकलं. आठवड्यापूर्वीचा फोन, येतो म्हटलं ते, तानूबाईने पुसलेली फरशी. ते सांगताना त्यांचा आवाज ट्रेझरीतला झाला होता, एखादी रक्कम चुकीच्या सदराखाली गेल्याचं वरिष्ठांना कळवतानाचा.

समोरच्या गाडीतून एका बाईने केळीचं साल खाली टाकलं, ते पडेपर्यंत मालती बघत होती.

‘दोन्ही पिंपं भरली?’ तिने विचारलं.

‘दोन्ही.’

याचा अर्थ तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ती त्या गल्लीत त्यांच्याहून जास्त राहिली होती; ते ऑफिसला तरी जात. तिने पदराने मान पुसली. रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं, रागाची बाजू त्यांना मांडता येत असे.

‘मग तुम्ही जा,’ ती म्हणाली. अगदी साधं, कुणाला वाटेला लावताना म्हणावं तसं. ‘अक्कांनी पाणी भरलंय, तर कुणीतरी जायला हवं. तुमचं तिथे बरं चालतं, हे मला दिसतं की. मी इथे राहते. सणाला या, मीही येईन.’ मग जरा थांबून, काळजीने, अगदी खऱ्या काळजीने म्हणाली, ‘फक्त पाण्याच्या दिवशी कंबर सांभाळा. तुम्हाला सवय नाही.’

आणि ती उठून चालायला लागली. चिडून नव्हे, तिचं चालणं अर्धं राहिलं होतं.

यशवंतराव बाकावर बसून राहिले. तुम्ही जा. इतकी वर्षं ते मालतीला घेऊन गेले होते, ठेवून गेले होते, आणून सोडलं होतं. मालतीने त्यांना आजवर कधी जा म्हटलं नव्हतं. आणि जाता येत होतं, हे त्यातलं सगळ्यांत भयंकर. बस होती, खोल्या होत्या, पेपर होता, कट्टा होता. उद्या सकाळी ते ट्रेझरीचे यशवंतराव होऊन गल्लीत शिरू शकत होते. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला त्या कट्ट्यावर बसवून बघितलं. ऊन आलं, चहा आला, पाण्याचा आवाज आला. आणि मग ‘पाय घ्या वर’ कुणी म्हटलं नाही. त्या एका वाक्याच्या जागी जे भोक पडलं त्यातून बाकीचं सगळं चित्र, मास्तर, मिशी, आल्याचा वास, हळूहळू निथळून गेलं. उरला एक म्हातारा, आणि कोरड्या कट्ट्यावर उगीच वर घेतलेले त्याचे दोन पाय.

त्यांनी हेमावती अक्कांना फोन लावला. पहिल्याच घंटेला अक्कांनी उचलला, आणि कधी येताय म्हणून विचारलं. यशवंतरावांनी सांगितलं की येत नाही. त्या दोघांना खोल्या द्या. पाणी त्यांना वापरू द्या. पलीकडे बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज आला. अजून नळ चालू होते. अक्कांच्या मनाला लागलं होतं. त्या म्हणाल्या, गल्लीला काय सांगू मी? यशवंतराव म्हणाले, माझं नाव सांगा. मग अक्कांनी आवाज खाली आणला, आणि जवळच्या माणसाला वाट काढून द्यावी तशी, सवयीने, त्यांना ती वाट काढून दिली.

‘मालतीला नको वाटलं का हो? तिला करमायला लागलं वाटतं तिकडे?’

हो म्हणायचं होतं फक्त. सगळी गल्ली समजली असती. यशवंतराव येणार होते हो, हिने अडवलं. नोंद जिथे नेहमी पडत आली तिथेच पडली असती, आणि कुणी तपासायला आलं नसतं. यशवंतरावांनी लांब गेलेल्या मालतीकडे बघितलं. ती एका खांबाच्या सावलीत शिरली आणि दुसऱ्या बाजूने उन्हात आली.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘मला थांबायचंय. तिचा यात काही संबंध नाही, अक्का.’

हे खरं होतं का, हे त्यांना बोलताना माहीत नव्हतं. फोन खिशात ठेवताना ते बऱ्यापैकी खरं झालेलं होतं. ते उठले. मागून एक गाडी आली, लांबच्या कुठल्यातरी गावाहून, आणि त्यांच्या बाजूने पुढे जायला लागली, आधी जोरात, मग हळू, मग त्यांच्याच चालीने. दारात उभी असलेली अनोळखी माणसं त्यांच्याबरोबर काही वेळ चालल्यासारखी झाली, उतरायला उत्सुक, डोळे मोठे करून हुबळीकडे बघणारी. कोण नोकरीला आलं असेल, कोण लग्न होऊन, कोण कुणाला टाकून. एवढ्या तोंडांवर एकच भाव. यशवंतरावांना त्यांची चेष्टा करावीशी वाटली नाही. गाडी थांबली, ते चालत राहिले. शेवटी फलाट उतरता झाला आणि खडीत संपला. पुढे रूळ एकमेकांतून सुटे होत होते, एक गदगच्या बाजूला, एक धारवाडच्या, एक कुठे ते त्यांना सांगता आलं नसतं. मालती उतारावर उभी होती. ते शेजारी जाऊन उभे राहिले, धापा टाकत.

अक्कांना काय सांगितलं, ते त्यांनी सांगितलं. आपलं नाव पुढे केलं, हेही सांगितलं. मालतीने त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर बसलेली कोळशासारखी काळी कसली तरी कुसळं झटकली.

‘गुडघा दुखतोय ना,’ ती म्हणाली. ‘उद्यापासून हळू चालायला लागा. सवय होते.’

‘उद्या येऊया परत?’ त्यांनी विचारलं.

‘उद्या नाही. उद्या मला दुसरीकडे जायचंय.’

कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. फार जड गेलं.